दोऱ्या धरणारी

ताईला साऱ्या जगात एकाच बाईचा हेवा वाटायचा, आणि ती बाई ट्रक चालवायची.

हेवा वाटावा असं तिच्यात होतं काय, तर काही नाही. पन्नाशीला टेकलेली, केस कानापर्यंत कापलेले, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाने वळून बघावं. सैन्यात बावीस वर्षं गाड्या चालवून निवृत्त झाली आणि आता भाड्याने सामान पोचवायची. सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. पण ताईच्या धाकट्या बहिणीने आपल्या मनातलं सगळं या बाईला सांगितलं होतं, आणि ताईला त्यातलं अवाक्षरही नाही. पाठची बहीण, जिला ताईने आई गेल्यावर न्हाऊमाखू घातलं, तिच्या पोटातलं एका ट्रकवालीला माहीत आणि आपण मात्र कोरड्या! ताईचा नुसता जळफळाट व्हायचा.

धाकटीही सैन्यातलीच. नऊ वर्षं तिने पॅरेशूटच्या घड्या घातल्या. वरून उडी मारणाऱ्याचा जीव खाली टेबलाशी उभ्या असलेल्या बाईच्या हातात असतो. घडी चुकली की माणूस गेला. म्हणून प्रत्येक घडीसोबत घालणारीची सही असते. धाकटीच्या सहीचं एकही पॅरेशूट कधी अडकलं नाही, हे ताई येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना पडद्याचं माप घेता घेता सांगायची. सांगायची नाही ती पुढची गोष्ट. तिथल्या एका वरच्या साहेबाने धाकटीवर अत्याचार केला होता. हेही ताईला कळलं ते एका कागदावरून, धाकटीच्या तोंडून नव्हे. नोकरी सोडून आल्यावर ताईने तिचं लग्न जमवून दिलं. मुलगा गोड बोलणारा, निर्व्यसनी, दिसायला चारचौघांत उठून दिसणारा. ताई कौतुकाने त्याला जावईबापू म्हणायची. चार वर्षांनी धाकटी एक बॅग आणि प्लास्टरमधलं मनगट घेऊन ताईच्या दारात उभी राहिली, आणि त्यानंतर वीस महिने झाले तरी तिने का, कसं, काही सांगितलं नव्हतं.

ताईने आपल्या परीने काय नाही केलं? दाराची बेल दोनदा वाजवायची, एकदा वाजली तर उघडायची नाही, हा नियम तिने केला. पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवायची तिची सवय होती, ती मोडली. जेवायला बसताना धाकटीला दार दिसेल अशी खुर्ची कायमची तिची झाली. सुरुवातीला धाकटी झोपताना आपल्या खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावायची. गेल्या सहा महिन्यांपासून तो खुर्चीचा आवाज बंद झाला होता, आणि ताईला वाटायचं, हे माझ्यामुळे.

ते तिच्यामुळे नव्हतं, सेंटरमुळे होतं, हे तिला मनातून माहीत होतं. म्हणून तर जळत होती.

सेंटर माजी सैनिक स्त्रियांसाठी होतं. ज्यांच्यावर नोकरीत असा प्रसंग आला, ज्यांना घरात नवऱ्याने मारलं, किंवा धाकटीसारखं दोन्ही. एका टाइल्सच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, पूर्वी जिथे दाताचा दवाखाना होता तिथे. बाहेर पाटी नाही. पहिल्याच दिवशी तिथल्या समुपदेशक मॅडमनी ताईकडून एका कागदावर सही घेतली होती, की हा पत्ता मी कोणालाही सांगणार नाही. ताईने लांबलचक, वळणदार सही ठोकली होती. दर मंगळवारी दोन वाजता ती धाकटीला तिथे घेऊन जायची आणि चार वाजेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसायची. नातेवाईकांनी तिथेच बसायचं. तिथे सहा खुर्च्या होत्या, एक पाण्याची किटली आणि तीन वर्षांपूर्वीची मासिकं. त्यातलं विणकामाचं मासिक ताईला तोंडपाठ झालं होतं.

आतल्या खोलीत एक लांबच लांब टेबल होतं. मॅडमनी सुरुवातीला बायकांना गोल खुर्च्यांवर बसवून पाहिलं, पण सगळ्या एकमेकींच्या चपला बघत बसायच्या. मग कुणीतरी मोडीत निघालेलं एक जुनं पॅरेशूट आणून दिलं, आणि धाकटीने ते टेबलावर पसरलं. तेव्हापासून मंगळवारी घडी घालायची पद्धत पडली. जिला बोलायचं आहे ती कापडाच्या बाजूला उभी राहते आणि पाकळीवर पाकळी बसवत जाते. दुसरी टेबलाच्या पार टोकाला उभी राहून साऱ्या दोऱ्या ताणून धरते. दोऱ्या धरणारीने बोलायचं नाही, मान हलवायची नाही, हुंकारही द्यायचा नाही. दोरी ढिली पडली की घडी विस्कटते. एवढं एकच धाकटीने घरी येऊन ताईला सांगितलं होतं. आणि तिच्या दोऱ्या कोण धरतं, तर ड्रायव्हरबाई.

"कापड धरायला काय ट्रक चालवायचा परवाना लागतो?" ताई तेव्हा म्हणाली होती.

आणि तिने घरी प्रयोग केला. एका हॉटेलच्या पडद्यांचं काम आलं होतं. त्याचं बारा मीटर कापड तिने कापायच्या टेबलावर टाकलं. "चल गं, दोघी मिळून घडी घालू. मी दोऱ्या धरते."

"पडद्याला दोऱ्या नसतात, ताई."

"मग टोक धरते."

धाकटी बाजूला उभी राहिली. ताई गप्प राहिली. तिच्या हिशेबाने दहा मिनिटं, घड्याळाच्या हिशेबाने दीड. मग तिला राहवेना. "बोल की! मी ऐकतेय ना!"

"कापड ढिलं सोडलंस," धाकटी म्हणाली, आणि उरलेली घडी तिने एकटीने घातली.

हे सगळं ताईने गिळलं असतं. पण मग सुनावणी आली. नवऱ्याने धाकटीच्या जवळ येऊ नये, तिला फोन करू नये, दुसऱ्यांमार्फत तिची चौकशी करू नये, असा कोर्टाचा तात्पुरता आदेश होता. तो आता कायमचा करायचा, म्हणजे धाकटीने न्यायाधीशांसमोर सगळं सांगायचं. बंद खोलीत. त्या वेळी शेजारी एका माणसाला बसता येतं. मॅडम त्याचा फॉर्म घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "सोबत कोण बसणार?" ताईने पर्समधून ओळखपत्र बाहेर काढायला घेतलं.

"ड्रायव्हरबाई," धाकटी म्हणाली.

ताईचं ओळखपत्र अर्धं बाहेर आलं होतं. तिने रुमाल शोधत असल्यासारखं केलं. रुमाल हातातच होता.

पाच दिवस ती बोलली नाही, म्हणजे जेवण, गॅस, पाणी एवढंच बोलली. सहाव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, जेवताना बांध फुटला.

"काल आलेली बाई ती. तिला तुझ्याबद्दल काय माहीत? तुला दूध पचत नाही, हे तरी माहीत आहे का?"

"ते कोर्टात विचारत नाहीत, ताई."

"चेष्टा नको करूस. बाहेरची माणसं तुला आपल्यापासून तोडतायत, कळतंय का तुला? मी तुझ्या भल्याचंच सांगतेय."

धाकटीने चमचा खाली ठेवला. मग उठली, ताट धुतलं आणि आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून खुर्ची ओढून दाराला लावल्याचा आवाज आला. ताईला तो ऐकू आला आणि रागही आला. मी एवढं करते, आणि माझ्याच घरात मलाच दार लावते ही!

सोमवारी दुपारी दुकानाचा फोन वाजला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. धाकटी बाहेर गेली होती.

"नमस्कार ताई. जेवण झालं?"

जावईबापूंचा फोन होता. हा फोन महिन्यातून एकदा यायचा, आणि ताई तो घ्यायची. धाकटीला सांगायची नाही. माणूस चुकला, पण पश्चात्ताप झालाय, रडतो बिचारा. दोन्ही बाजू धरून ठेवणारं घरात कुणीतरी हवं, असं ती स्वतःला समजवायची. खरं कारण वेगळं होतं. तिच्या दुखऱ्या गुडघ्याची आठवणीने चौकशी करणारा जगात तो एकटाच उरला होता.

आजही त्याने आधी गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाला, "ती बरी आहे ना, एवढंच कळू दे. कुठे जाते, काय करते, मला काही नको. माझं तिने कधी ऐकलं नाही, ताई. पण तुमचं ऐकते, म्हणून मी निर्धास्त आहे. तुमच्याशिवाय तिला जवळचं आहे कोण?"

गळवाला धक्का लागावा तसं झालं.

"माझं?" ताई म्हणाली. "माझं कशाला ऐकेल ती! मी आपली ने-आण करणारी. मंगळवार उजाडला की बसस्टँडसमोरच्या त्या टाइल्सच्या दुकानावर जाऊन बसायचं, त्या ड्रायव्हरणीच्या गळ्यात गळा घालायचा, आणि मी मेली बाहेर बसून दोन ते चार मासिकं चाळायची. कोर्टात शेजारीसुद्धा तीच बसणार. मी कोण? कुणी नाही!"



"बघा," तो हळुवार आवाजात म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? बाहेरची माणसं तिला आपल्यापासून तोडतायत. मी तिच्या भल्याचंच सांगत होतो."

आणि त्याने फोन ठेवला. 'येतो ताई, काळजी घ्या' असं दरवेळी म्हणायचा, ते आज म्हणाला नाही.

ताईला मोकळं मोकळं वाटलं. कुणाला तरी आपलं दुःख कळलं! तिने कात्री घेतली आणि पडदा कापायला लागली. हातभर कापून झाल्यावर तिला वाटलं, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय. कुठे बरं? काल संध्याकाळी. आपल्याच तोंडून. जसंच्या तसं. कात्री थांबली, आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. टाइल्सचं दुकान. मंगळवार. दोन ते चार. उद्या मंगळवार होता.

पडदा हातभर आखूड कापला गेला होता, पण त्याचं आता कुणाला पडलं होतं.

त्या दिवशी ताई काही बोलली नाही. सांगितलं तर धाकटी गेली, कायमची गेली. न सांगितलं तर उद्या काय होईल याचा विचारही करवत नव्हता. अशा वेळी माणसाला जे सुचतं तेच तिला सुचलं. मंगळवारी सकाळी तिने तापाचं सोंग काढलं.

"आज नको जाऊया. अंगात कणकण आहे माझ्या."

धाकटीने तिच्या कपाळाला हात लावला. वीस महिन्यांत तिने आपणहून कुणाला हात लावल्याचं ताईने पाहिलं नव्हतं. "फार नाही," ती म्हणाली. "पण तू पडून राहा. मी ड्रायव्हरबाईला सांगते, ती मला गाडीतून नेईल."

"तिला कशाला!" ताईच्या तोंडून निघून गेलं. आणि तिची तिलाच शरम वाटली. घराला आग लागली आहे आणि ही बघतेय, पाणी कोण आणतंय!

तिने सांगून टाकलं.

धाकटी ओरडली नाही. ती ताठ उभी राहिली, सैन्यातल्यासारखी. "नेमके शब्द सांग."

"असंच साधारण..."

"साधारण नको, ताई. नेमके."

ताईने नेमके शब्द सांगितले, गळ्यात गळा घालण्यासकट. धाकटीने तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. पत्ता गेला, आज कुणी येऊ नये, एवढंच बोलली. मग ड्रायव्हरबाईला फोन केला. मग ताईसमोर खुर्ची ओढून बसली, दार दिसणारी नव्हे, दुसरी.

"हा पहिलाच फोन होता?"

ताईला खोटं बोलावंसं वाटलं. "नाही."

"महिन्यातून एकदा. दुपारी."

"तुला माहीत होतं?"

"फोन आला की तू आवाज गोड करतेस. गिऱ्हाइकाशी तू असं बोलत नाहीस. तुझं बोलणं संपलं की मी घरात यायची."

"वीस महिने?" ताई म्हणाली. "मग माझ्याकडे राहिलीस कशी?"

"जायला दुसरं घर नव्हतं."

धाकटीने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती साधं बोलावं तशी बोलली. ताईला इतके दिवस वाटत होतं की सगळं जग सोडून ही आपल्या दाराशी आली, म्हणजे आपण तिला सगळ्यांत जवळच्या.

"म्हणून मला काही सांगत नव्हतीस?"

"तू वाईट नाहीस गं. पण कुणी जरा मायेने विचारलं की तुझं सगळं बाहेर सांडतं. त्याने ते पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. माझ्याकडूनही त्याने असंच काढून घेतलं. साहेबाचं. म्हणाला, मला नाही सांगणार तर कुणाला? मी सांगितलं. मग चार वर्षं रोज एकच प्रश्न. तू त्याला खरंच नको म्हणाली होतीस का? जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर हळूच कानात. हात मोडला त्या दिवशीही हाच प्रश्न होता."

वीस महिने जे ऐकायला ताई तडफडत होती, त्यातलं पहिलं तिच्या वाट्याला आलं ते हे असं. या वेळी ती खरंच एक शब्द बोलली नाही. बोलायला तोंड होतं कुठे?

दुपारी दीड वाजता तो टाइल्सच्या दुकानात आला. मॅडम पोलिसांना घेऊन समोरच्या औषधांच्या दुकानात थांबल्या होत्या. त्याने बाथरूमच्या टाइल्स काढायला सांगितल्या, निळी चांगली की राखाडी यावर विक्रेत्याचं मत घेतलं, आणि मग सहज विचारलं, "वरच्या मजल्यावर काय आहे हो?" पोलिसांनी हटकलं तेव्हा तो हसून म्हणाला, "घराचं काम काढलंय. माणसाने टाइल्स बघायलाही येऊ नये का?" आणि हे खोटं आहे असं सांगू शकेल असं माणूस एकच होतं.

सेंटरला ती जागा सोडावी लागली. चौदा बायकांचं टेबल उचललं गेलं ते ताईच्या जिभेमुळे. नवी जागा कुठे, ते ताईला कुणी सांगितलं नाही, आणि धाकटीला तिथे न्यायला आता ड्रायव्हरबाई यायची. पहिल्यांदा आली तेव्हा ताईला वाटलं, आता ही आपली खरडपट्टी काढणार. ताई तयारच होती. दोन-चार उत्तरं तिने घोकूनही ठेवली होती.

ड्रायव्हरबाई दारातच उभी राहिली. "ताई, कोर्टात सांगाल ना?"

"सगळ्यांसमोर?"

"त्याच्यासमोर."

"का सांगितलं, तेही विचारतील."

"विचारतीलच."

"तुमच्यामुळे सांगितलं हो मी!" ताईचा आवाज फुटला. "तुमचा मत्सर वाटतो मला."

"मग तसंच सांगा," ड्रायव्हरबाई म्हणाली. "मला काय, मी ट्रक चालवते." आणि चहा घेणार का असं ताईने विचारेपर्यंत धाकटीला घेऊन निघूनही गेली. इतकं सोपं कसं बोलता येतं एखादीला? ताईला त्याचाही हेवा वाटला.

सुनावणीच्या दोन दिवस आधी दुकानाचा फोन वाजला, आणि वाजत राहिला. ताईने घड्याळ बघितलं, हात मांडीखाली घेतले आणि तो वाजू दिला.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढीच होती. जावईबापू इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ताई आत आली तेव्हा त्यांनी मान लववून नमस्कार केला. धाकटी दुसऱ्या टोकाला, शेजारी ड्रायव्हरबाई. दोघींमध्ये एक हाताचं अंतर होतं. ताई असती तर खेटून बसली असती, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

त्याच्या वकिलाचे प्रश्न मऊसूत होते.

"हे लग्न तुम्हीच जमवलंत ना?"

"हो."

"फोनवर यांनी तुमच्याकडे पत्ता मागितला?"

"नाही."

"उलट, कुठे जाते ते नको, असंच म्हणाले?"

"हो. असंच म्हणाले."

वकील समाधानाने बसला. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "मागितला नाही, तर तुम्ही का सांगितलात?"

तोंडातून गेलं, असं म्हणता आलं असतं. वय झालं, लक्षात राहिलं नाही, असंही. मॅडमनी एवढंच सांगितलं होतं की खरं तेच बोला. किती खरं, ते सांगितलं नव्हतं.

"हेव्यापोटी," ताई म्हणाली.

"कुणाच्या?"

"त्या बसल्यात ना, त्यांच्या. माझी बहीण त्यांना सगळं सांगते, मला सांगत नाही. हे मला लागतं. यांना ते ठाऊक होतं. म्हणून यांनी पत्ता नाही विचारला. हे म्हणाले, ती तुमचं ऐकते. जिथे दुखतंय तिथे बोट दाबलं की माणूस आपणहून ओरडतं, त्याला विचारावं लागत नाही. दर महिन्याला हे माझ्याशी असंच बोलत होते आणि मी त्याला माया समजत होते." तिने श्वास घेतला. "फोन ठेवताना हे म्हणाले, बाहेरची माणसं तिला आपल्यापासून तोडतायत, मी तिच्या भल्याचंच सांगत होतो. बाईसाहेब, आदल्या दिवशी मी माझ्या बहिणीला हेच वाक्य म्हटलं होतं. शब्दन्‌शब्द. ते ऐकून ती उठून गेली आणि तिने दाराला खुर्ची लावली. तेव्हा मला राग आला होता. आता कळतं, तिने ते वाक्य माझ्याआधी चार वर्षं ऐकलं होतं."

न्यायाधीश बाई लिहीत राहिल्या. जावईबापूंनी पहिल्यांदाच ताईकडे असं बघितलं की तिला गुडघ्याची आठवण झाली नाही, मनगटाची झाली. धाकटीच्या मनगटाची.

मग तिला बाहेर जायला सांगितलं. दार बंद झालं. आत धाकटी बोलणार होती, आणि शेजारी ड्रायव्हरबाई असणार होती. ताई बाहेरच्या बाकावर एक तास दहा मिनिटं बसली. दार जाड होतं. तिने कान लावला नाही, असं ती पुढे कुणालाही सांगायची, आणि ते खरं होतं.

आदेश कायम झाला. त्याच्या खोट्या टाइल्सची वेगळी चौकशी लागली. पायऱ्यांवर धाकटी तिच्याजवळ आली. चेहरा थकलेला होता, पण ती भिंतीला पाठ लावून उभी नव्हती.

"ताई, मला खोली मिळालीय. सेंटरने बघून दिली. आजच सामान नेते."

"कुठे?" हा प्रश्न ताईने विचारला नाही, तो आपोआपच निघाला.

धाकटीने खाली पाहिलं. खाली रस्त्यावर ड्रायव्हरबाई ट्रक सुरू करत होती.

"तिला माहीत आहे?" ताईने विचारलं.

"हो."

ताईला हेवा वाटला. पहिल्या दिवसाइतकाच, कणभर कमी नाही. कोर्टात सगळं कबूल केलं म्हणून हेवा जातो थोडाच? तो तिथेच होता. ती त्याच्यासकट उभी राहिली.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "कुणी कितीही गोड बोलून विचारलं, तरी मला माहीतच नसेल."

धाकटीने मान हलवली आणि ती ट्रकमध्ये जाऊन बसली.